भ्रष्टाचार मोजायचा कसा?

तापमान मोजायला तापमापी असते, वजनाला तराजू. लाच मात्र गुपचूप दिली-घेतली जाते. तिची पावती कोणी फाडत नाही. मग अमुक देश स्वच्छ आणि तमुक भ्रष्ट असे आपण कशावरून म्हणतो?

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था १९९५ पासून देशांची एक यादी प्रसिद्ध करते. तज्ज्ञ व उद्योजकांना त्या त्या देशातील सरकारी कारभार कितपत स्वच्छ वाटतो, याच्या विविध पाहण्या एकत्र करून ० ते १०० गुण दिले जातात. १०० म्हणजे अगदी स्वच्छ. २०२४ च्या यादीत डेन्मार्कला ९०, भारताला ३८ आणि दक्षिण सुदानला ८ गुण होते. पण हे मोजमाप लाचेचे नव्हे, लाचेविषयीच्या मतांचे आहे.

मते सोडून प्रत्यक्ष वागणूक मोजता येईल का? रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांना त्यासाठी न्यूयॉर्क शहरात एक आयता प्रयोग सापडला. तेथील संयुक्त राष्ट्रसंघात देशोदेशींचे राजनैतिक अधिकारी असतात. नियम मोडून गाडी उभी केली, तरी राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्याकडून दंड वसूल करता येत नसे. म्हणजे शहर एक, नियम एक, शिक्षा कोणालाच नाही. फरक फक्त मायदेशाचा. १९९७ ते २००२ या काळात दंडाच्या दीड लाखांहून अधिक पावत्या थकल्या. नॉर्वे, स्वीडनच्या अधिकाऱ्यांची एकही नव्हती. इजिप्त आणि चाडच्या मात्र दर अधिकाऱ्यामागे वर्षाला शंभराहून जास्त होत्या. काही अपवाद वगळता, भ्रष्ट समजल्या जाणाऱ्या देशांचेच अधिकारी नियम अधिक मोडत होते. माणूस देश सोडतो, सवयी बरोबर नेतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००२ च्या अखेरीस शहराने दंड थकवणाऱ्यांच्या गाड्यांवरील खास राजनैतिक पाट्या काढून घेण्यास सुरुवात केली. नियमभंग जवळजवळ ९८ टक्क्यांनी घटले! माणसे तीच, सवयी त्याच. बदलली ती फक्त अंमलबजावणी.

म्हणून अशी यादी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवू. २०२३ मध्ये भारताचे गुण ३९ होते, पुढच्या वर्षी ३८. एवढा फरक मतांच्या मोजणीत सहज पडू शकतो. त्यावरून ‘घसरलो’ म्हणणे घाईचे होईल. आणि कमी गुण म्हणजे त्या समाजाच्या कपाळावरची रेघ नव्हे. नियम सर्वांना सारखे लागू झाले, तर वागणूक बदलते.