उन्हाळी सुटी आणि पुढील आयुष्याची पूर्वतयारी

शालान्त परीक्षेनंतर काय करावयाचे, हा विचार निकाल हाती पडल्यावरच करावयाचा, अशी आपल्याकडील सार्वत्रिक रीत असली, तरी त्या विचारास खरा अवकाश नववी ते अकरावीच्या उन्हाळी सुट्यांतच लाभतो, असे माझे आग्रहाचे मत आहे.

विज्ञानाची ओढ असलेल्या नववीतील मुलामुलींसाठी इस्रोने २०१९ साली सुरू केलेला ‘युविका’ हा सुमारे दोन आठवड्यांचा निवासी कार्यक्रम म्हणजे पर्वणीच होय. आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान-प्रदर्शने, क्रीडा आणि छात्रसेना यांतील सहभाग पाहून तेथे निवड होते, पंचायत हद्दीतील शाळांच्या विद्यार्थ्यांस विशेष भारांक मिळतो, प्रवास-निवासाचा खर्च इस्रो सोसते, आणि प्रत्यक्ष उपग्रह घडविणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे आपल्या शंका मोकळेपणाने मांडता येतात. अर्ज मात्र बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या ऐन धामधुमीत मागविले जातात, हे ध्यानी असावे.

त्याचप्रमाणे विज्ञान विषयांच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धांसाठी होणाऱ्या क्रमवार परीक्षांतून निवडलेल्या विद्यार्थ्यांची शिबिरे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात उन्हाळ्यात भरतात, व त्यांतूनच भारताचे संघ सिद्ध होतात.

शिवाय, पुढील प्रवेश व सवलतींसाठी लागणाऱ्या कागदपत्रांची तजवीजही याच सुटीत करावी; उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपत असल्याने, शिधापत्रिका व तलाठ्याचा अहवाल जोडून एप्रिलमध्येच नवा अर्ज गुदरावा. कारण पुढे प्रवेशाच्या हंगामात तहसील कचेरीत झुंबड उडते.

खेड्यापाड्यांतील नववीच्या मुलांपर्यंत ही माहिती आपण अगत्याने पोहोचवावी, ही विनंती.