विश्लेषण : खेळण्यातली रेल्वे अमेरिकेच्या न्यायालयात कशी पोहोचली?

टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेगाड्या संगणकावरून चालवणारे ‘जेएमआरआय’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. मग फुकटच्या वस्तूची अट मोडली तर नुकसान कोणाचे? या प्रश्नावर २००८ मध्ये अमेरिकेत लागलेल्या निकालाचा संबंध हातातल्या फोनशीही आहे.

गाडी चालवायला संगणक कशाला?

पुण्यात कोथरूडला जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एकाच वेळी अनेक गाड्या धावताना पाहण्याची गंमत ठाऊक असेल. जुन्या पद्धतीत रुळांतला विद्युतदाब कमी-जास्त केला की गाडीचा वेग बदलतो. मात्र एकाच रुळावर दोन इंजिने उभी असतील तर दोन्ही एकदम सुटतात. यावरचा तोडगा म्हणजे ‘डिजिटल कमांड कंट्रोल’ अर्थात डीसीसी. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेले त्याचे प्रमाण अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात ठरवले.

यात रुळांत वीज कायम खेळती असते आणि त्याच विजेतून शून्य-एकच्या भाषेत आदेश जातात. प्रत्येक इंजिनात ‘डीकोडर’ नावाचे छोटे सर्किट असते, त्याला स्वतःचा क्रमांक असतो. ‘३ नंबर, वेग कमी कर’ हा आदेश पोहोचतो सगळ्यांपर्यंत, पण पाळते फक्त ३ नंबरचेच इंजिन. वर्गातल्या हजेरीसारखेच हे.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

आदेश पाठवणारे यंत्र संगणकाला जोडले की पडद्यावर रुळांचा नकाशा दिसतो. त्यावर क्लिक करून सांधे बदलता येतात. कोणत्या टप्प्यात गाडी उभी आहे हे रुळांना जोडलेले सेन्सर कळवतात आणि त्यावरून सिग्नल आपोआप लाल-हिरवे होतात. घरच्या वाय-फायवर फोनच गाडीचा ‘हँडल’ होतो.

खरे किचकट काम वेगळेच असते. डीकोडरचे गुणधर्म क्रमांकांनी ओळखले जातात. ३ क्रमांकाचा आकडा बदलला की इंजिन हळूहळू वेग घेते, ४ क्रमांकाचा बदलला की हळूहळू थांबते. पुढे कंपनीगणिक तऱ्हा वेगळी. जेएमआरआयच्या स्वयंसेवकांनी ही माहिती जमवून तिच्या फायली तयार केल्या. वाद पेटला तो याच फायलींवरून.

वाद काय होता?

प्रकल्पाचे प्रमुख रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. याच क्षेत्रात सॉफ्टवेअर विकणारे मॅथ्यू कात्झर यांनी आपल्या पेटंटचा भंग झाल्याचे सांगत त्यांच्याकडे दोन लाख डॉलरहून अधिक रकमेची मागणी केली. फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरसाठी! जेकबसन यांनी २००६ मध्ये न्यायालय गाठले. पुढे कात्झर यांच्याच विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये जेएमआरआयच्या फायली सापडल्या. मूळ लेखकांची नावे आणि स्वामित्वहक्काची सूचना मात्र गायब होती. फायली वापरायला, बदलायलाही परवानगी होतीच. फक्त श्रेय कायम ठेवा आणि काय बदलले ते सांगा, एवढीच अट होती.

निकाल महत्त्वाचा का?

कनिष्ठ न्यायालयाने २००७ मध्ये मनाईहुकूम नाकारला. अट मोडली तर तो फार तर कराराचा भंग, असे त्याचे म्हणणे. इथेच खरी मेख होती. करारभंगात सहसा पैशांची भरपाई मिळते, आणि फुकट दिलेल्या वस्तूचे पैशांत नुकसान किती दाखवणार? म्हणजे अट कागदावरच राहिली असती. हे ओळखूनच विकिमीडिया फाउंडेशन, लिनक्स फाउंडेशन, क्रिएटिव्ह कॉमन्स अशा संस्थांनी अपिलात आपली बाजू मांडली.

१३ ऑगस्ट २००८ रोजी फेडरल सर्किट अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पैसे घेतले नाहीत म्हणून हक्क सोडला असे होत नाही. परवान्यातील अटी मोडून केलेली नक्कल हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे मनाईहुकूम मागण्याची वाट खुली झाली. प्रकरण पुन्हा खाली गेले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तडजोडीने मिटले. कात्झर यांनी एक लाख डॉलर देण्याचे आणि त्या फायली न वापरण्याचे मान्य केले.

फोनचा संबंध कुठे?

अँड्रॉइडच्या मुळाशी असलेला लिनक्सचा गाभाही अशाच अटींवर खुला आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये कायदेशीर माहितीच्या पानावर परवान्यांची न संपणारी यादी दिसते. ती सहसा कोणी उघडत नाही.