जुना डिजिटल रेंजफाइंडर आणि आपला पावसाळी मुलूख

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही. डोळा लावायची खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि तिच्यातून समोरचं सगळं दृश्य स्वच्छ दिसतं, मग भिंग फोकसमध्ये असो वा नसो. दृश्याच्या मधोमध एक छोटा उजळ चौकोन असतो. त्यात तेच दृश्य दुसऱ्यांदा, किंचित बाजूला सरकलेलं दिसतं, कारण ते दुसऱ्या खिडकीतून येतं. लायकाच्या एम मालिकेत या दोन खिडक्यांमध्ये ६९.२५ मिलिमीटर अंतर आहे, म्हणजे साधारण आपल्या दोन डोळ्यांत असतं तेवढंच. आणि अंतर ओळखायची रीतही डोळ्यांचीच. भिंगावरची कडी फिरवली की भिंगाच्या मागचा पितळी भाग आत-बाहेर होतो, तो कॅमेऱ्यातल्या एका छोट्या चाकाला ढकलतो आणि चाकाची दांडी दुसरी प्रतिमा सरकवते. दोन प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या की फोकस झाला. यात ना मोटर, ना वीज.

म्हणजे असा कॅमेरा जुना घेताना आपण दोन वेगवेगळ्या वयाच्या वस्तू घेत असतो. वरची यंत्रणा घड्याळासारखी जुळवता येते, पुन्हा पुन्हा दुरुस्त होते. खालचा सेन्सर, सर्किट आणि पडदा मात्र कंपनीने सुटे भाग देणं थांबवलं की बहुधा संपले. खरेदीचा सगळा विचार या दुसऱ्या अर्ध्या भागाभोवती फिरायला हवा. शहापूर-मुरबाडसारख्या, चार महिने ओल्या राहणाऱ्या तालुक्यांत तर फारच.

पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकाचा नव्हता. २००४ साली एप्सनने कोसिनाच्या मदतीने आर-डी१ काढला. सहा मेगापिक्सेलचा हा कॅमेरा शटर भरायला फिल्म कॅमेऱ्यासारखी दांडी ओढायला लावतो. देखणा आहे, पण त्याचे भाग आज मिळणं इतकं अवघड आहे की रोजच्या वापरासाठी मी तो सुचवणार नाही. लायकाचा एम८ आला २००६ मध्ये: १०.३ मेगापिक्सेल, सेन्सर पूर्ण फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे ३५ मिलिमीटरचं भिंग त्यावर जवळपास ४७ सारखं वागतं. त्याची खोड निराळी आहे. सेन्सरवरची गाळणी पातळ असल्याने अवरक्त प्रकाश आत शिरतो आणि काळं सिंथेटिक कापड जांभळट दिसतं. झाडांची पानं अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे श्रावणातला माळशेजचा हिरवा रंगही बिघडतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक भिंगावर यूव्ही-आयआर कट फिल्टर लावायचा. फिल्टरचा खर्च मात्र किमतीत धरायलाच हवा.

एम९ (२००९) हा पहिला पूर्ण फ्रेमचा डिजिटल रेंजफाइंडर, १८ मेगापिक्सेलचा, कोडॅकच्या सीसीडी सेन्सरचा. त्याच्या रंगांवर लोकांचा जीव आहे आणि किंमतही त्या प्रेमाने चढलेली असते. पण या सेन्सरवरची संरक्षक काच ओल सहन न करणाऱ्या प्रकारची होती. वरच्या लेपाला बारीकसा ओरखडा गेला की तिथून काच गंजल्यासारखी खराब होत जाते. हा दोष एम९, एम९-पी, एम-ई आणि पहिल्या मोनोक्रोममध्ये आहे. लायकाने काही वर्षं सेन्सर फुकट बदलून दिले, पुढे पैसे घेऊन, आणि २०२० मध्ये बदलायचे सेन्सरच संपले. काही स्वतंत्र दुरुस्तीकार फक्त काच बदलतात, पण त्यासाठी कॅमेरा परदेशी पाठवावा लागतो. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणं ज्या तालुक्यात भरतात, तिथल्या जुलैच्या हवेत मूळ काचेचा एम९ ठेवणं मला पटत नाही. सेन्सर बदलल्याचा सर्व्हिसचा कागद असेल तरच त्याचा विचार करा.

त्यानंतरचा एम टाइप २४० (जाहीर २०१२, बाजारात २०१३) २४ मेगापिक्सेलचा. त्यात बेल्जियमच्या सीमोसिसचा सीमॉस सेन्सर आहे आणि हा रोग नाही. बॅटरी मोठी, अंगावर धूळ-तुषारांपासून बचाव करणारी रबरी सीलं. वजन ६८० ग्रॅम, म्हणजे एम९ पेक्षा थोडं जास्त. मागच्या पडद्यावर थेट दृश्य दिसतं, त्यामुळे फोकस तपासणंही सोपं.

कॅमेरा हातात घेऊनच विकत घ्यावा. शहापूरकरांना आसनगावहून थेट लोकलने सीएसएमटी गाठता येतं, मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण. सोबत लॅपटॉप न्या, कारण एम८ आणि एम९ च्या पडद्यावर बारीक दोष दिसत नाहीत. भिंग एफ/१६ वर ठेवा, फोकस मुद्दाम चुकवा आणि मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या कागदाचा फोटो काढून शंभर टक्के मोठा करून पाहा. धुळीचे डाग मऊ, करडे असतात आणि फुंकणीने जातात. गंजाचा डाग म्हणजे ठिपका आणि त्याभोवती कडं. तो जात नाही. दुकानदार म्हणाला, “साहेब, साफ केलं की जाईल,” तर त्याच्यासमोरच साफ करायला सांगा आणि पुन्हा फोटो काढा.

मग रेंजफाइंडरची परीक्षा. भिंग अनंतावर टेकवून खूप दूरची उभी कड पाहायची. मुंबईत उंच इमारत चालते. इकडे माहुलीचे सुळके किंवा गोरखगडाचा माथा याहून चांगली खूण नाही. दोन प्रतिमा आडव्या सरकलेल्या असतील तर अनंताची जुळणी बिघडली आहे, खाली-वर असतील तर उभी. दोन्ही दुरुस्त होतात, पण त्या हिशोबाने भाव उतरवून मागा. नंतर एक मीटरवर वर्तमानपत्र तिरकं धरून, भिंग पूर्ण उघडं ठेवून, एका ओळीवर फोकस करा. दुसरीच ओळ स्पष्ट आली तर भिंग बदलून पुन्हा करा. सगळ्या भिंगांत तीच चूक असेल तर दोष कॅमेऱ्याचा, एकातच असेल तर त्या भिंगाचा.

भिंगांवर सुरुवातीला सगळा पैसा ओतू नका. फॉइक्टलेंडरचं ३५ मिलिमीटर उत्तम काम देतं. चष्मा असणाऱ्यांना २८ ची चौकट कडेपर्यंत दिसत नाही, त्यांनी तर ३५ च घ्यावं.

वापरताना गर्दीत मजा येते. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेत गुरांचा बाजार भरतो. बैल, गिऱ्हाईक, दलाल, सगळं हलतं. तिथे प्रत्येक वेळी प्रतिमा जुळवत बसायची गरज नाही. ३५ च्या भिंगावर एफ/८ ठेवा आणि अंतर ३ मीटर. मग साधारण १.९ पासून ७ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. भिंगावरच्या खुणा फिल्मच्या काळातल्या असल्याने डिजिटलवर जरा काटेकोर राहावं: छिद्र एफ/११ असेल तर एफ/८ च्या खुणा वाचाव्यात. चौकटीबाहेरचंही दिसत असल्यामुळे बैल चौकटीत शिरण्याआधीच कळतो. सीसीडीत जळालेला पांढरा रंग परत येत नाही, म्हणून दुपारच्या उन्हात पांढऱ्या टोपीकडे पाहून प्रकाश ठरवा. सावली नंतर उजळता येते.

आणखी एक गोष्ट मला या कॅमेऱ्याची फार मोलाची वाटते. उजवा डोळा कोपऱ्यातल्या खिडकीला लावला की आपला बराचसा चेहरा समोरच्याला दिसत राहतो. आवणीला वाकलेल्या बाईला किंवा कातकरी-ठाकर पाड्यावरच्या आजोबांना “फोटो काढू का?” विचारून काढताना याचा फरक पडतो. त्यांनी नाही म्हटलं तर कॅमेरा खाली ठेवावा. हो म्हटलं तर छापलेला फोटो नेऊन द्यावा.

राहिली ओल. एम टाइप २४० ची सीलं तुषारांपुरतीच आहेत आणि एमच्या भिंगांना सील नसतंच, त्यामुळे माळशेजच्या धबधब्याखाली कोणताही रेंजफाइंडर नेऊ नये. घरी चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि भिंगात बुरशी येते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राहू द्या. जेलचा रंग बदलला की स्वयंपाकाला न वापरायच्या कढईत मंद आचेवर ते कोरडं करा. सेन्सर ओल्या बोळ्याने घरी पुसू नका, निदान एम९ चा तरी नाहीच.

शहापूर-मुरबाडमध्ये राहून एकच घ्यायचा असेल तर माझं मत टाइप २४० ला. एम८ फिल्टरसह परवडणारा दुसरा पर्याय. मूळ सेन्सरचा एम९ कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.