एक खिडकी, अनेक डोळे

संगणकाला अक्षरांतून आज्ञा देण्याची खिडकी म्हणजे टर्मिनल. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केला. अशा महासंगणकांशी संवाद आजही मुख्यतः याच खिडकीतून होतो. ‘गोटीटीवाय’सारखी मुक्त आज्ञावली ती ब्राउझरमध्ये उघडते. वेबसॉकेटच्या अखंड जोडणीतून शिक्षकाने टंकलेले अक्षर आणि संगणकाचे उत्तर वसतिगृहातील विद्यार्थ्यालाही तत्क्षणी दिसते. त्याच्या यंत्रावर ब्राउझरखेरीज काही लागत नाही. मूळ मांडणीत पाहणाऱ्याला लिहिता येत नाही. तशी मुभा दिली, की तो आपल्याच अधिकाराने आपल्या फाइली पुसूही शकतो. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो : परवलीचा शब्द व कूटबद्ध जोडणी यांवाचून ही खिडकी उघडू नये आणि पाठ संपताच ती मिटावी.