आधी गाडी पाठवा!

रुग्णवाहिकेसाठी 108 फिरवणाऱ्या माणसाच्या तोंडून पहिल्या अर्ध्या मिनिटात हमखास निघणारं वाक्य हेच. ‘अहो ताई, प्रश्न काय विचारत बसलाय, आधी गाडी पाठवा!’ पलीकडची ताई चिडत नाही. किंवा चिडत असेल, पण आवाजात ते येऊ देत नाही. ती पुन्हा विचारते, ‘दादा, गाव कुठलं? तालुका?’

घरात माणूस तडफडत असताना हा राग येणारच. पण त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, फोन घेणारी व्यक्तीच गाडी सोडणार, म्हणजे ती बोलत बसली तर गाडी जागच्या जागी उभी. मोठ्या नियंत्रण कक्षांत ही दोन वेगळी कामं असतात. एक जण फोन घेतो आणि ऐकता ऐकता टाइप करतो. ते डिस्पॅचरच्या पडद्यावर उमटत जातं. ठिकाण आणि तक्रार एवढं कळलं की डिस्पॅचर गाडी हलवतो, आणि उरलेले प्रश्न गाडी रस्त्यावर असताना चालू राहतात. म्हणून मुरलेला ऑपरेटर गाडी निघाल्याची खात्री झाली की ते आधी सांगून टाकतो, ‘गाडी निघालीय. आता मी विचारतो तेवढं सांगा.’ या एका वाक्याने निम्मा आरडाओरडा थांबतो. नवशिक्याला ते सुचत नाही; तो प्रश्नावलीतला पुढचा प्रश्न वाचतो.

महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 साली सुरू झाली तेव्हा ताफ्यात 937 रुग्णवाहिका होत्या. त्यातल्या 233 प्रगत जीवरक्षक यंत्रणेच्या, उरलेल्या 704 प्राथमिक साधनांच्या, आणि गाडीवर डॉक्टर. फोन मात्र सगळ्या राज्याचे एकाच ठिकाणी, पुण्यात औंधला. पोलिसांच्या 112 ची रचनाही अशीच आहे. 2021 पासून राज्यभरातून 112 ला लावलेला फोन नवी मुंबईत महापे इथे घेतला जातो, जोडीला नागपूरचं केंद्र आहे. तिथून ती घटना संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथला डिस्पॅचर ती गस्तीच्या गाडीतल्या पडद्यावर पाठवतो.

म्हणजे भामरागडहून फोन करणाऱ्याचा आवाज ज्याच्या कानात पडतो, त्याने भामरागड पाहिलेलं असेलच असं नाही. ‘अहो, आपल्या मारुतीच्या देवळामागे’ हा पत्ता गावात शंभर टक्के बरोबर असतो. औंधच्या किंवा महापेच्या खुर्चीत त्याचा काही उपयोग नाही. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि वडगाव निंबाळकर आहेत. घाबरलेला माणूस नुसतं ‘वडगाव’ म्हणतो आणि पुढे सरळ आजाराकडे वळतो. एकाच नावाच्या खुर्द आणि बुद्रुकमध्ये कधी नदी असते, कधी रेल्वेचं फाटक. गाव कळलं तरी माणूस गावात कुठे राहतो? तो मळ्यात राहतो, वस्तीवर राहतो, आणि शिंदे वस्ती बऱ्याच गावांत असते.

‘मोबाइलवरून कळत नाही का?’ असं विचारणारे भेटतात. थोडं कळतं. टॉवरवरून अंदाज येतो, पण खेड्यात एका टॉवरचा पसारा काही किलोमीटरचा असू शकतो आणि त्यात चार वाड्या सहज मावतात. शिवाय फोन करणारा कित्येकदा घटनेच्या ठिकाणी नसतोच. मुलगा मुंबईहून फोन करतो, वडील सांगोल्यात पडलेले असतात.

म्हणून अनुभवी ऑपरेटर पत्ता विचारत नाही, खुणा गोळा करतो. शाळा कुठली? एसटीचा थांबा कुठला? जवळ दुकान आहे का, पाटीवर काय लिहिलंय? महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे 94 किलोमीटरचा, समृद्धी 701 किलोमीटरचा. ‘एक्स्प्रेस वेवर अपघात झालाय’ ही बातमी झाली, पत्ता नव्हे. कुठला आकडा आणि तोंड कुणीकडे, मुंबईकडे की पुण्याकडे, हे दोन्ही लागतं, कारण मधल्या दुभाजकामुळे चुकीच्या बाजूने आलेली गाडी डोळ्यांसमोर असूनही लांबचा वळसा घालते. कानही कामाला लागतात. मागे रेल्वेचा भोंगा वाजला, शाळेची घंटा झाली, गिरणी चालू असली, तरी ठिकाण थोडं जवळ येतं.

डिस्पॅचरची अडचण निराळी. त्याच्या नकाशावर सगळ्यात जवळ दिसणारी गाडी वेळेच्या हिशेबात जवळ असेलच असं नाही. उजनीच्या फुगवट्याच्या काठावर समोरच्या तीरावरचं गाव नुसत्या डोळ्यांना दिसतं, रस्त्याने मात्र मोठा फेरा पडतो. घाटाखालची गाडी सरळ रेषेत चार किलोमीटरवर असते आणि वर यायला अर्धा तास घेते. आणि एक गाडी कामाला लागली की तो तालुका तेवढा वेळ उघडा पडतो. तेवढ्यात तिथूनच दुसरा फोन आला तर? मग शेजारच्या तालुक्यातली हलवायची, म्हणजे तो उघडा. ही उसनवारी पाळीभर चालते. गाडी उशिरा आली म्हणून ओरडणाऱ्याला ती दिसत नाही, आणि त्याला दिसावी अशी अपेक्षाही नाही.

ठिकाण मिळालं की ‘काय झालं?’ हा प्रश्न. तो सोपा वाटतो. पण ज्याला माणसं डॉक्टरी भाषेत बोलतील अशी आशा आहे त्याने या खुर्चीत बसू नये. ‘झटका आला’ म्हणजे काय? हृदयविकाराचा, फिटचा, विजेचा, की अर्धांगाचा? ‘अटॅक’ तर आता कशालाही म्हणतात. ‘अंगावरून वारं गेलं’ हा पक्षाघात. तिथे लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली हे आधी विचारायचं, कारण मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि ‘अंगावरून खूप जातंय’ म्हणजे बाईला रक्तस्राव होतोय. ती गरोदर आहे का, कितवा महिना, हे लगेच विचारायचं. ऐकायला दोन्ही जवळची वाक्यं, पण एकीकडे बाळाचा प्रश्नही असू शकतो.

‘पान लागलं’, ‘लांबडं चावलं’, कोकणात नुसतं ‘जनावर चावलं’. सापाचं नाव रात्री घेत नाहीत. शहरात वाढलेल्या ऑपरेटरला ‘जनावर’ म्हटल्यावर बैल किंवा कुत्रं दिसतं. इथे पुढच्या सूचना तोंडपाठ लागतात: माणसाला चालवू नका, हातपाय हलवू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. आणि पोरं काठ्या घेऊन साप शोधायला निघाली असतील तर त्यांना परत बोलवा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं एकच असतं, त्यामुळे साप पकडून दवाखान्यात नेण्यात काही मिळत नाही. झालाच तर दुसरा रुग्ण मिळतो.

सगळ्यात फसवं वाक्य बहुधा ‘त्यानं औषध घेतलं’ हे असावं. शेतकरी घरात औषध म्हणजे फवारणीचं औषध. नवा ऑपरेटर विचारतो, ‘कशासाठी घेतलं?’ जुना विचारतो, ‘बाटली कुठंय? नाव वाचून दाखवा.’ मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय तोवर कुणीतरी सुरू केलेला असतो, तो थांबवायचा. बाटली गाडीत द्यायला सांगायची. आणि हे सगळं अशा आवाजात, की फोनवर बोलणाऱ्या बायकोला वा भावाला आपण गुन्हेगार आहोत असं वाटू नये.

या कामातला सगळ्यात अवघड भाग इथून पुढे आहे. गाडी वाटेत आहे आणि माणसाचं हृदय थांबलंय. छातीवर दाब देणं सुरू झालं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घसरते. तेव्हा त्या माणसाला वाचवू शकतील असे हात फोन करणाऱ्याचेच. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डॉ. जेफ क्लॉसन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस ऑपरेटरच्या हाती प्रश्नांची आणि सूचनांची कार्डं दिली. सिएटलभोवतीच्या किंग काउंटीत 1980 च्या दशकापासून फोनवरून दाब द्यायला शिकवणं हा कामाचा भाग झाला. तिथे दोनच प्रश्नांवर भर दिला गेला: माणूस शुद्धीवर आहे का, आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे का?

दुसऱ्या प्रश्नावर गाडं अडतं. ‘हो, घोरतायत’ असं उत्तर येतं. हृदय थांबल्यावरही काही वेळ असे तुटक, घरघरते उसासे येतात आणि घरच्यांना वाटतं, श्वास आहे. मुरलेला ऑपरेटर ‘हो’वर विश्वास ठेवत नाही. तो म्हणतो, ‘छाती वर आली की आता म्हणा.’ ‘आता.’ मग शांतता. पाच सेकंद, आठ, दहा. पुढचं ‘आता’ येतच नाही. तेवढ्यावर तो ठरवतो.

‘गादीवरून खाली जमिनीवर घ्या. फोन स्पीकरवर टाका. दोन्ही हात एकावर एक, छातीच्या मधोमध. जोरात दाबा, दोन इंच आत गेलं पाहिजे. माझ्याबरोबर मोजा.’ मिनिटाला शंभर ते एकशेवीस, म्हणजे माणूस सहज मोजतो त्याहून घाईचं मोजणं. फोनवर सून असेल तर सासऱ्यांच्या छातीवर हात ठेवायला ती बिचकते. ‘बरगडी मोडेल’ म्हणून मुलगा हात आखडता घेतो. ‘घाबरू नका’ म्हणून काही होत नाही. घाबरू नका म्हटल्याने घाबरायचं थांबलेला माणूस मी पाहिलेला नाही. इथे एकच सूचना त्याच शब्दांत, त्याच पट्टीत पुन्हा पुन्हा द्यायची असते. शब्द बदलले की ऐकणाऱ्याला वाटतं नवं काहीतरी सांगताहेत आणि तो पुन्हा गोंधळतो. नाव विचारून घेतलेलं असतं, ते वापरायचं. ‘सुनीताताई, दाबत राहा. एक, दोन, तीन, चार.’ दरम्यान घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बॅटरी घेऊन रस्त्यावर उभं करायचं, कुत्रं बांधायला सांगायचं.

याच्या उलट असतात ते न बोलणारे फोन. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका बाईने 911 ला फोन करून पिझ्झा मागवला. ऑपरेटर आधी म्हणाला, हा चुकीचा नंबर आहे. पण ती ऑर्डर देतच राहिली, तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला: तिच्या आईला मारहाण होत होती आणि मारणारा तिथेच होता. अशा वेळी प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असे करावे लागतात. तो खोलीत आहे का? हत्यार आहे का? ब्रिटनमध्ये मोबाइलवरून फोन करून बोलता येत नसेल तर 55 दाबायची सोय आहे. आपल्याकडची बाई ‘मावशी, उद्या येतेस ना?’ म्हणेल. ते फालतू फोन म्हणून कापायचं की नाही, हे दोन-तीन सेकंदांत ठरतं, आणि तेही दिवसभर खरोखरचे फालतू फोन घेतल्यानंतर. रिचार्ज संपल्याची तक्रार करणारे असतात, पोरांचे खेळ असतात, बाईचा आवाज ऐकून मुद्दाम घाणेरडं बोलणारे असतात. त्या शेवटच्यांविषयी इथे लिहिण्याजोगं काही सुचत नाही.

संकटाचा फोन वेगळा ओळखला जावा ही कल्पनाच मुळात फोनच्या एका रांगेतून आली. 1935 मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर आग लागली, शेजाऱ्याने फोन केला आणि तो टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकला. त्या आगीत पाच स्त्रिया दगावल्या. 1937 मध्ये तिथे संकटसमयीचा 999 हा नंबर सुरू झाला. आपला 112 निर्भया प्रकरणानंतरच्या हालचालींतून आला; 2018 मध्ये तो स्वीकारणारं पहिलं राज्य हिमाचल प्रदेश.

एवढं सगळं करूनही रुग्णाचं पुढे काय झालं हे ऑपरेटरला सहसा कळत नाही. गाडी पोहोचली, फोन बंद, पुढचा फोन. अमेरिकेत 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 911 च्या कर्मचाऱ्यांमध्ये आघातोत्तर मानसिक त्रासाची लक्षणं आढळली, घटनास्थळी पाऊलही न ठेवता. तरी तिथल्या केंद्र सरकारच्या व्यवसाय वर्गीकरणात हे लोक कार्यालयीन कामाच्या गटात, सेक्रेटरींच्या शेजारी. ते बदलावं म्हणून वर्षानुवर्षं मागणी चालू आहे. आपल्याकडेही ‘कॉल सेंटरमध्ये आहे’ असं सांगितलं की पाहुणे क्रेडिट कार्डाबद्दल विचारतात.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये संकटसमयीचं बटण बंधनकारक आहे. स्मार्टफोनचं पॉवरचं बटण पटापट दाबलं किंवा साध्या फोनवर 5 वा 9 दाबून धरलं की 112 लागतो. त्यामुळे खिशातून, पर्समधून, पोरांच्या हातून असे फोन लागतच राहतात. चुकून लागला तर घाबरून कापू नका. थांबा, पलीकडून आवाज आला की ‘चुकून लागला, सगळं ठीक आहे’ एवढं सांगा. तुम्ही कापलात तर त्यांना उलट फोन करावा लागतो, आणि तो तुम्ही अनोळखी नंबर म्हणून उचलला नाहीत तर ते पुन्हा लावतात.