उकळूनही न जाणारे विष

पाणी उकळून प्या, असे आम्ही परिचारिका घरोघरी सांगत आलो. ते बरोबरच आहे. उकळल्याने जुलाब, कावीळ, टायफॉईडचे जंतू मरतात. पण आर्सेनिक, शिसे यांसारखी विषे पाण्यात विरघळलेली असतात. ती उकळून मरत नाहीत, फडक्याने गाळली जात नाहीत. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते.

बांगलादेशात हेच घडले. तळ्याच्या पाण्याने मुले जुलाबाने दगावत, म्हणून 1970 नंतर तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. जमिनीच्या थरातले आर्सेनिक त्या पाण्यात होते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. काही वर्षांनी लोकांच्या अंगावर काळे-पांढरे ठिपके उठले, तळहात-तळपाय खरखरीत झाले. पुढे काहींना कर्करोग झाला. शेजारी महारोग समजून दूर राहू लागले. खरे तर हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

यावर उपयोगी पडला तो साधा गंज. आर्सेनिक गंजाला चिकटते. बांगलादेशात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी वाळू, लोखंडाचा चुरा, लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे वापरून 'सोनो' नावाचे घरगुती फिल्टर बनवले. त्याला वीज लागत नाही. 2007 साली त्यांना अमेरिकेत 10 लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला.

मात्र गंजावरची जागा कधीतरी भरते. मग तो विष धरत नाही, आणि पाणी दिसायला तसेच स्वच्छ दिसते. म्हणून आता कोळशावर लोखंडाचा थर चढवून, कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा वापरता येतील असे पदार्थ तयार होत आहेत. धुताना सुटलेले विष कुठे जाणार, हा खरा प्रश्न आहे. ते गटारात गेले, तर फिरून कुणाच्या तरी हंड्यात येणार. पश्चिम बंगालच्या उत्तर चोवीस परगण्यात गावसमित्यांनी हातपंपाला जोडलेली अशी यंत्रे चालवली. तिथे दाणे एका ठिकाणी नेऊन धुतले जात आणि उरलेला विषारी गाळ वेगळा साठवला जाई.

आपल्याकडे प्रत्येक बोअरला आर्सेनिक असते असे नाही. पण वस्ती बोअरचे पाणी पीत असेल, तर जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत किंवा महापालिकेकडे तपासणी मागा. जंतूंबरोबर धातूही तपासा, असे अर्जात स्पष्ट लिहा. आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे.

कुणी वस्तीत फिल्टर बसवायला आले, तर तीन प्रश्न विचारा. हे कोणता धातू काढते? किती लिटरनंतर आतला माल धुवायचा किंवा बदलायचा? आणि निघालेला गाळ कोण नेणार? उत्तर कागदावर घ्या.

आणि बायांनो, हे वाचून माठात खिळे टाकू नका. गंज किती काम करतो, हे तपासणीशिवाय कळत नाही.