बटणावरील 'वेल्हे'

शाळेच्या संकेतस्थळावरील प्रवेश-अर्जाचे पान प्रथम उघडले, तेव्हा तालुका निवडण्याच्या बटणांवर भोरचे 'भार' झाले होते आणि वेल्ह्याचे 'वल्ह'. मात्रा बटणाच्या वरच्या कडेला कापल्या गेल्या होत्या. भाटघर जलाशयाकाठच्या मुलांना त्यात नाव वल्हवण्याचे वल्हे दिसले व वर्ग हसला. आम्हांला मात्र आजोबांचा शाळेचा दाखला आठवला. त्यात त्यांचे नाव असेच, पण हेतुपुरस्सर, तोडून लिहिलेले होते. यंत्राच्या मनात तुच्छता नसते हे खरे. तरीही कारण शोधणे आम्हांला अगत्याचे वाटले.

पानाचा सांगाडा एचटीएमएल उभा करते आणि त्याचे रूप सीएसएस ही नियमांची भाषा ठरवते. हाकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये तिची कल्पना मांडली. डिसेंबर १९९६ मध्ये तिला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. आज बटणे, चौकटी, याद्या तयार संचांतून घेतल्या जातात आणि हे संच बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. आमच्या संचात बटणाची उंची ठराविक होती, ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट होती आणि बाहेर डोकावणारा भाग झाकावा असा नियम होता. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार येतात. खाली उकार, ऋकार. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना ही जागा ठाऊक होती.

दुरुस्ती करताना मूळ फाइलला हात लावू नये, कारण संचाची नवी आवृत्ती आली की आपले बदल पुसले जातात. आपली नियमपत्रिका वेगळी करून मूळ पत्रिकेनंतर जोडावी. दोन नियमांचे वजन सारखे असेल तर नंतरचा लागू होतो. रंग, टंक, ओळीची उंची या मूल्यांना नावे देऊन ती एकदाच मांडता येतात. मग एक मूल्य बदलले की सर्व बटणे बदलतात. आम्ही ठराविक उंचीऐवजी किमान उंची दिली, वरखाली मोकळी जागा सोडली व ओळीची उंची १.६ पट केली. अक्षरांमधील वाढीव अंतर काढून टाकले. रोमन अक्षरांना ते शोभते. देवनागरीची शिरोरेषा त्याने तुटते.

आणखी एक गोष्ट उशिरा ध्यानी आली. पानाची भाषा इंग्रजी अशी नोंदलेली होती. ती 'एमआर', म्हणजे मराठी, अशी नोंदवली की नोटो सान्स देवनागरीसारखा टंक उभ्या दंडाच्या हिंदी वळणाच्या 'ल'ऐवजी आपला पाकळ्यांचा 'ल' देतो.

रंग निळाच हवा, हा विद्यार्थ्यांचा आग्रह. तो का, हे या शाळेत सांगावे लागत नाही. परंतु आकाशी निळ्यावर पांढरी अक्षरे बांधावर उन्हात फोन धरलेल्या पालकाला दिसणार कशी? सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार लहान अक्षरे व पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते. म्हणून निळा गडद केला.

विद्यार्थ्याचे नाव लिहिण्याच्या चौकटीचे काम नववीच्या मुलींनी अंगावर घेतले आहे. तपासणीसाठी त्यांनी निवडलेले शब्द: 'सिद्धार्थ', 'मैत्रेयी', 'कर्तृत्व'.